कार्यालयीन कामकाजातील कालापव्यय आणि ‘काटक’ कार्यपद्धती

कारखान्यात अपव्यय झाला तर तो डोळ्यांना दिसतो. वाया गेलेला पत्रा, तपासणीत नापास झालेले सुटे भाग, गोदामात धूळ खात पडलेला माल या गोष्टी कोणासही दाखविता येतात. कार्यालयातील अपव्ययास असे दृश्य रूप नसते. ज्या कागदावर काम चालू आहे तो कागद आणि जो नुसता पडून आहे तो कागद, दोन्ही दिसावयास सारखेच. शिवाय प्रत्येक टेबलावर कोणीतरी मान खाली घालून लिहीत असतोच. त्यामुळे कार्यालय कामात गढलेले आहे, असेच पाहणाऱ्यास वाटते. ते पुष्कळदा खरेही असते. तरीदेखील अर्जदारास उत्तर मिळण्यास आठवडे लागतात. कर्मचारी कामात आहेत व काम मात्र पुढे सरकत नाही, या विसंगतीचा उलगडा करणे आणि त्यावरील उपायांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञा व पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा मोटार कारखान्यात ताइइची ओनो व त्यांचे सहकारी यांनी उत्पादनाची एक निराळी पद्धत क्रमाक्रमाने विकसित केली. पुढच्या टप्प्यास जेवढे हवे, जेव्हा हवे, तेवढेच मागच्या टप्प्याने करावे हे तिचे मूळ सूत्र होय. १९७८ साली ओनो यांनी या पद्धतीवर जपानी भाषेत ग्रंथ लिहिला. १९८८ साली जॉन क्राफ्चिक यांनी एका लेखात तिला ‘लीन’ हे इंग्रजी विशेषण लावले आणि १९९० साली वोमॅक, जोन्स व रूस यांच्या ग्रंथामुळे ते नाव जगभर रूढ झाले. मराठीत ‘लीन’ म्हणजे नम्र किंवा तन्मय; इंग्रजी शब्दाचा अर्थ मात्र अंगावर फाजील चरबी नसलेला, परंतु कणखर असा आहे. आपल्याकडील ‘काटक’ हा शब्द त्यास अधिक जवळचा असल्याने या लेखात तोच वापरला आहे. काटक मनुष्य रोडावलेला नसतो, हा अर्थभेदही पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

वोमॅक व जोन्स यांनी १९९६ साली या पद्धतीची पाच तत्त्वे सांगितली. ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याच्या दृष्टीने मूल्य कशात आहे हे ठरविणे, ते मूल्य निर्माण होण्याची सर्व पायऱ्यांची मालिका मांडणे, त्या मालिकेतून काम अखंड वाहते ठेवणे, मागणी असेल तेव्हाच व तेवढेच काम पुढे ओढून घेणे, आणि ही सुधारणा कधीही पुरी झाली असे न मानणे, ही ती पाच तत्त्वे होत.

कार्यालयांना शास्त्रीय व्यवस्थापन लावण्याची कल्पना याहून जुनी आहे. फ्रेडरिक टेलर यांचे विचार विल्यम लेफिंगवेल यांनी १९१७ सालच्या आपल्या ग्रंथात कचेरीच्या कामास लागू केले होते. परंतु दोहोंतील दृष्टीचा फरक मूलभूत आहे. लेफिंगवेल यांच्या पद्धतीत निरीक्षक कारकुनाच्या शेजारी घड्याळ घेऊन उभा राहतो व त्याच्या हालचाली मोजतो. काटक पद्धतीत निरीक्षक कागदाच्या मागोमाग चालतो, आणि तो कागद कोठे, किती काळ व का थांबला याची नोंद घेतो.

कार्यालयातील सात अपव्यय

ओनो यांनी कारखान्यातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले. त्यांपैकी प्रत्येकाचे प्रतिरूप कचेरीत सापडते. अतिउत्पादन म्हणजे कोणीही न वाचणारी मासिक विवरणपत्रे आणि एकाच पत्राच्या पाच ठिकाणी धाडलेल्या प्रती. साठा म्हणजे अनिर्णीत प्रकरणांचा गठ्ठा. प्रतीक्षा म्हणजे स्वाक्षरीसाठी, अभिप्रायासाठी वा एखाद्या नोंदवहीसाठी थांबणे. वाहतूक म्हणजे एका शाखेतून दुसरीत व पुन्हा पहिलीत होणारा नस्तीचा प्रवास. हालचाल म्हणजे कागद शोधण्याकरिता कपाटांतून व संगणकाच्या कप्प्यांतून करावी लागणारी धुंडाळणी. फाजील प्रक्रिया म्हणजे एकच मजकूर आवक नोंदवहीत, कार्यविवरण नोंदवहीत व टिपणीत तीनदा लिहिणे. शेवटचा प्रकार दोषाचा. अपुरा अर्ज स्वीकारणे, चुकीचे नाव टंकित करणे आणि मग ते दुरुस्त करीत बसणे, हे सारे त्यात येते.

दोषातून आणखी एक अपव्यय उद्भवतो. त्याकडे ब्रिटिश लेखक जॉन सेडन यांनी विशेष लक्ष वेधले आहे. काम वेळेवर किंवा नीट न झाल्यामुळे कार्यालयावर येऊन पडणारी मागणी ही खरी मागणी नव्हे; ती अपयशातून जन्मलेली मागणी होय. ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारण्यास आलेला मनुष्य, त्याचे स्मरणपत्र, त्या स्मरणपत्राची आवक नोंद आणि त्यास द्यावयाचे अंतरिम उत्तर हे सर्व काम मूळ अर्ज वेळेवर निकालात निघाला असता तर उत्पन्नच झाले नसते. म्हणजे विलंब हा स्वतःच नवे काम निर्माण करतो, व ते काम पुन्हा विलंबास कारण होते.

एका अर्जाचा प्रवास

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक परंतु परिचित उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थ्यास परराज्यातील विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी स्थलांतर प्रमाणपत्र हवे आहे. खिडकीवर अर्ज व शुल्क तपासण्यास ५ मिनिटे लागतात; दिवसभराचे अर्ज एकत्र करून दुसऱ्या दिवशी ते आवक शाखेकडे जातात. तेथील नोंदीस ३ मिनिटे व पुढे एक दिवस. शाखाधिकारी कोणत्या लिपिकाकडे अर्ज जावा हे १ मिनिटात लिहितो, पण लिपिकाच्या टेबलावर तो दोन दिवस पडून राहतो. लिपिक २० मिनिटांत छाननी करून टिपणी लिहितो. अभिलेख कक्षात पडताळणीसाठी तो तीन दिवस थांबतो व ती पडताळणी १० मिनिटांत होते. एक दिवसाने अधीक्षक ५ मिनिटांत तपासणी करतो. दोन दिवसांनी सहायक कुलसचिवाची स्वाक्षरी होते. तीस १ मिनिट पुरते. आणखी एका दिवसाने प्रमाणपत्राचे मुद्रण व जावक नोंद १० मिनिटांत उरकते.

या हिशेबाने प्रत्यक्ष कामाची बेरीज ५५ मिनिटे होते आणि थांबण्याची बेरीज ११ कामाचे दिवस. दिवसाचे ७ तास धरले तर प्रतीक्षा ४,६२० मिनिटांची झाली. एकूण काळाच्या शेकडा एकाहून किंचित अधिक एवढाच वेळ अर्जावर कोणाचा तरी हात होता. आता असे समजा की, कडक शिस्तीने वा उत्तेजनाने प्रत्येक कर्मचाऱ्याचा कामाचा वेग दुप्पट झाला. तरी ११ दिवसांतून अर्धा तासही वाचणार नाही. कर्मचाऱ्यांना अधिक राबविण्याचे उपाय विलंबावर सहसा का चालत नाहीत, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. विलंब माणसांच्या हातात थोडा असतो. तो मुख्यतः दोन टेबलांच्या मधल्या जागेत असतो.

या अकरा दिवसांत प्रवेशाची मुदत टळून गेली, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष जाते. कार्यालयाच्या कोणत्याही नोंदवहीत मात्र या हानीची नोंद होत नाही. तेथे प्रकरण ‘निकाली’ असेच दिसते.

ढिगाचे गणित

दोन टेबलांमधील प्रतीक्षा कशाने ठरते, यासंबंधी एक अत्यंत उपयुक्त सिद्धान्त आहे. १९६१ साली जॉन लिटल यांनी त्याची गणिती सिद्धता दिली. स्थिर चाललेल्या कोणत्याही व्यवस्थेत सरासरी लागणारा काळ हा आत असलेल्या प्रकरणांच्या संख्येस निकालाच्या दराने भागल्यास मिळतो. एखाद्या शाखेत ६०० प्रकरणे प्रलंबित आहेत व रोज ४० निकालात निघतात, तर नव्या अर्जास सरासरी १५ दिवस लागणारच. हा काळ ५ दिवसांवर आणावयाचा असेल, तर निकालाचा दर तोच ठेवून ढीग २०० वर आणला पाहिजे. ढीग हेच विलंबाचे दुसरे नाव होय.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे, ढीग कमी करण्यासाठी एकदाच घेतलेल्या जादा श्रमांचे फळ टिकाऊ असते. परंतु त्यानंतर येणाऱ्या अर्जांइतकाच निकालाचा दर रोज राखला गेला तरच. वर्षातून एकदा ‘प्रलंबित प्रकरणे निकाली काढण्याची मोहीम’ करावयाची आणि उरलेले वर्ष ढीग पुन्हा वाढू द्यावयाचा, हा क्रम निरर्थक ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे, एकाच वेळी अनेक प्रकरणे उघडून ठेवल्याने काम लवकर होते हा समज चुकीचा आहे. हाती घेतलेले संपल्यावाचून नवे न घेणे हा नियम कठोर वाटला, तरी तोच सर्वांची प्रतीक्षा घटवितो.

गठ्ठ्याने काम करण्याची सवयही येथेच विचारात घ्यावयास हवी. एखादा अधिकारी सहा दिवसांच्या आठवड्यात एकदाच स्वाक्षऱ्यांना बसत असेल व प्रकरणे रोज सारखी येत असतील, तर प्रत्येक प्रकरणाच्या वाट्यास सरासरी तीन दिवसांची प्रतीक्षा येते. तोच अधिकारी रोज थोडा वेळ बसला, तर ती अर्ध्या दिवसावर येते. स्वाक्षऱ्यांची संख्या तीच, श्रम तेच. फरक फक्त विभागणीचा.

आणखी एका गणिताकडे प्रशासकांचे दुर्लक्ष होते. अर्ज अनियमितपणे येतात आणि प्रत्येकास लागणारा वेळ कमीअधिक असतो. रांगांच्या शास्त्रातील सर्वांत साध्या नमुन्याप्रमाणे, काम करणारा एकच असून त्याचा निम्मा वेळ कामात जात असेल, तर रांगेतील सरासरी प्रतीक्षा एका कामास लागणाऱ्या वेळाएवढी असते. त्याच्यावरील भार शेकडा ८० झाला की, ती चौपट होते. शेकडा ९० ला नऊपट, व शेकडा ९५ ला एकोणीसपट. याचा अर्थ असा की, प्रत्येक कर्मचाऱ्याचा क्षण न् क्षण कामात गुंतलेला असावा हा हट्ट नागरिकाची प्रतीक्षा कमालीची वाढवितो. ज्या कचेरीत कोणासच उसंत नाही, त्या कचेरीत रांग हटत नाही. जपानी पद्धतीतही अपव्ययाबरोबर कामाचा असमतोल व माणसावरील अतिभार हे दोन दोष स्वतंत्रपणे सांगितले आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

एक अमेरिकी उदाहरण

हॅमर व चॅम्पी यांनी १९९३ सालच्या ग्रंथात दिलेले आयबीएम क्रेडिट या संस्थेचे उदाहरण आता प्रसिद्ध झाले आहे. संगणक विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांना कर्ज देणे हा या संस्थेचा व्यवसाय. प्रत्येक मागणी पाच टप्प्यांतून जाई. सरासरी सहा दिवस व कधी दोन आठवडेही लागत. तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याचा संभव असे. अखेर दोन वरिष्ठ व्यवस्थापक एक मागणी हातात घेऊन स्वतः टेबलामागून टेबलाकडे गेले, आणि प्रत्येकास हातातले काम बाजूस ठेवून ही मागणी पुरी करावयास त्यांनी सांगितले. सर्व मिळून अवघी नव्वद मिनिटे लागली. उरलेला काळ हातांतरात जात होता.

पुढे असे आढळले की, बहुतेक मागण्या साध्या असून त्यांस चार तज्ज्ञांची गरज नाही. म्हणून एकाच कर्मचाऱ्याने संगणकाच्या साहाय्याने संपूर्ण मागणी पुरी करावी व केवळ कठीण प्रकरणी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, अशी व्यवस्था झाली. सहा दिवसांचे काम चार तासांवर आले. ही सुधारणा काटक पद्धतीच्या नावाखाली झालेली नव्हती. परंतु तिचा निष्कर्ष तोच आहे. सर्व प्रकरणे कठीण आहेत असे गृहीत धरून आखलेली कार्यरीती साध्या प्रकरणांनाही विनाकारण थांबवून ठेवते.

महाराष्ट्रातील प्रयत्न

आपल्याकडे या दिशेने विचार झालाच नाही, असे म्हणता येणार नाही. पॉल ॲपलबी यांच्या १९५३ सालच्या अहवालानंतर १९५४ मध्ये केंद्र सरकारने संघटन व कार्यपद्धती यांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. महाराष्ट्रात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची जी पुनर्रचना केली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. राज्यातील शासकीय कार्यालयांतील अभिलेखांचे अ, ब, क, ड हे वर्गीकरण आणि सहा गठ्ठा पद्धत यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. कार्यवाहीची प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडावयाचे कागद व नष्ट करावयाचे कागद अशी टेबलावरील कागदांची वाटणी या पद्धतीत होते. हवे व नको यांची निवड आणि प्रत्येक वस्तूस नेमकी जागा ही जपानी कारखान्यांतील शिस्तीची पहिली दोन सूत्रे आहेत. तीच येथे देशी रूपात आढळतात. गठ्ठे वेगळे झाले की, खरोखर प्रलंबित किती आहे हे प्रथमच दिसू लागते.

कायद्याच्या मार्गानेही प्रयत्न झाला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या व कर्तव्यपालनातील विलंब यांसंबंधीच्या २००५ सालच्या महाराष्ट्र अधिनियमाच्या कलम १० अन्वये कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. अन्य विभागाकडे पाठविण्याची गरज नसलेल्या प्रकरणी पंचेचाळीस दिवसांत, व गरज असल्यास तीन महिन्यांत, निर्णय व्हावयास हवा. या तरतुदीचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु काटक दृष्टीने पाहता एक मर्म लक्षात येते. नस्ती सात टेबलांवरून जात असेल व प्रत्येकाने आपली सात दिवसांची मुदत पुरेपूर वापरली, तर कामाचे एकोणपन्नास दिवस होतात. व्यक्तिशः कोणीही आपली मुदत ओलांडलेली नसते, तरीही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा मोडलेली असते. टेबलांची संख्या कमी केल्याशिवाय टेबलावरील मुदतीचा उपयोग मर्यादितच राहणार.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने मोजमापाचे टोक बदलले. त्यात अधिसूचित सेवा अर्जदारास किती दिवसांत मिळावी हे ठरते, आणि तसे न झाल्यास दोन अपिले व नंतर आयोग अशी दाद मागता येते. कालमापन नागरिकाच्या बाजूने करणे हे पहिल्या तत्त्वाशी सुसंगत आहे. तथापि मुदतीचे आकडे सांभाळण्यासाठी अर्जात एकेक त्रुटी काढून तो परत करणे ही पळवाट कोणत्याही मुदतबद्ध व्यवस्थेत संभवते. सर्व त्रुटी एकाच पत्राने कळवाव्या आणि शक्य तो खिडकीवरच अर्ज पूर्ण करून घ्यावा, हा यावरील खरा उपाय होय. दोष उगमापाशी अडविणे स्वस्त पडते.

संगणकीकरणाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. नस्ती कागदावरून पडद्यावर आली की, वाहतुकीचा अपव्यय जातो व प्रकरण कोठे आहे हे कळते. परंतु तीच सात टेबले, तोच क्रम व तेच ढीग पडद्यावर राहिले, तर प्रतीक्षा तशीच राहते. फक्त ढीग डोळ्यांआड होतो.

मर्यादा व धोके

या पद्धतीचा विपर्यास कसा होतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये मिळते. तेथील महसूल व सीमाशुल्क विभागाने करविषयक कामाच्या मोठ्या कार्यालयांत ती लागू केली. कामाचे लहान तुकडे पाडले गेले, ताशी उद्दिष्टे ठरली व आकडे फलकांवर लागू लागले. ज्यांना करदात्याचे संपूर्ण प्रकरण हाताळण्याची सवय होती, त्यांच्याकडे एकेक तुकडा उरला. कर्मचारी संघटनेने २००६ साली याविरुद्ध संप पुकारला. वर सांगितलेल्या अमेरिकी उदाहरणात काम जोडले गेले होते, येथे ते तोडले गेले. तेथे कागदाचा थांबा मोजला गेला, येथे माणसाचा हात. नाव नवे असले, तरी हा लेफिंगवेल यांच्या घड्याळाचाच मार्ग होय.

दुसरी मर्यादा तत्त्वाची आहे. कार्यालयातील प्रत्येक तपासणी म्हणजे अपव्यय नव्हे. देयक मंजूर करणारा व रक्कम देणारा हे भिन्न असावेत, हा नियम कामास थोडा विलंब लावतो. परंतु तो लोकांच्या पैशाचे रक्षण करतो. ज्याच्या विरुद्ध निर्णय व्हावयाचा त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास लागणारा वेळही अशाच कोटीतील आहे. म्हणून एखादी पायरी काढून टाकण्यापूर्वी ती कशासाठी घातली गेली होती, तिने गेल्या वर्षभरात किती चुका पकडल्या, आणि ती नसती तर हानी कोणाची झाली असती, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिल्या स्वाक्षरीवर विसंबून झालेली दुसरी स्वाक्षरी आणि दुसरीवर विसंबून झालेली तिसरी यांनी सुरक्षितता वाढत नाही. जबाबदारी मात्र पातळ होते.

तिसरी गोष्ट, वाचलेल्या वेळाचे काय करावयाचे हे आधीच सांगितले पाहिजे. सुधारणा सुचविणाऱ्याचेच पद त्या सुधारणेने जाणार असेल, तर शहाणा मनुष्य काही सुचविणार नाही. कामातील अडथळे ज्यास ठाऊक असतात तो लिपिकच असतो. त्याच्या सहकार्यावाचून काढलेले आदेश कागदावरच राहतात.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कार्यालयीन विलंब हा प्रामुख्याने आळसाचा परिणाम नसून रचनेचा परिणाम आहे; व म्हणून त्याचे निवारणही रचनेत शोधले पाहिजे. ज्या कार्यालयास आरंभ करावयाचा आहे, त्याने एकाच प्रकारचे अर्ज निवडावेत. त्यांतील शेवटचे वीस निकाली अर्ज काढून प्रत्येकावरील आवक, टिपणी, स्वाक्षरी व जावक यांच्या तारखा एका तक्त्यात मांडाव्यात. त्यासाठी नवे यंत्र, नवा निधी वा वरिष्ठांची मंजुरी लागत नाही. तारखा कागदांवर आधीच पडलेल्या असतात. सर्वांत मोठी प्रतीक्षा कोणत्या दोन तारखांच्या मध्ये आहे, हे त्या तक्त्यावरून दिसेल. ती कशामुळे आहे, हे त्या दोन टेबलांवरील कर्मचाऱ्यांस एकत्र बसवून विचारावे आणि तेवढीच एक गोष्ट बदलावी. महिन्याने पुन्हा वीस अर्ज घेऊन तोच तक्ता करावा. निवृत्तिवेतनाची वाट पाहणारी विधवा, शिष्यवृत्तीवर ज्याचे शिक्षण अवलंबून आहे तो विद्यार्थी, सातबाऱ्यावरील नोंदीसाठी तालुक्यास खेटे घालणारा शेतकरी, यांना दर महिन्याला लांबलेल्या या तक्त्यातील एकेक दिवस कमी होणे हीच या विषयाची खरी कसोटी आहे.